रिसीव्हरचा आवाज, त्याचे उणे आकडे आणि कोकणातलं घर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होम थिएटर जोडून देणं आणि जुने अँप्लिफायर दुरुस्त करणं हा माझा धंदा. रत्नागिरीपासून खाली वेंगुर्ल्यापर्यंतच्या लोकांचे निरोप येतात आणि त्यातले निम्मे रिसीव्हरच्या, म्हणजे टीव्ही-बॉक्सचा आवाज घेऊन स्पीकरना पुरवणाऱ्या पेटीच्या, आवाजाच्या कळीबद्दलच असतात. तेच ते पुन्हा टाइप करण्यापेक्षा सगळं एकदाच इथे लिहून ठेवलं आहे. कुठलाही प्रश्न सुटा वाचला तरी चालेल. दुसऱ्या प्रश्नाशी धागा जुळतो तिथे क्रमांक दिला आहे. मेनूतली नावं कंपनीगणिक थोडी बदलतात, तेवढं समजून घ्या.

१. आमच्या रिसीव्हरवर आवाज उणे ४५ असा दिसतो, वाढवला की उणे ३० होतो. बिघडलाय का?

नाही, अगदी बरोबर चाललाय. विहिरीचं पाणी आपण काठापासून किती हात खाली आहे असं सांगतो ना, तसाच हा हिशोब. ० हा काठ, आणि उणे ४५ म्हणजे काठाच्या ४५ डेसिबल (आवाज मोजायचं माप) खाली. त्यामुळे उणे ३० हा उणे ४५ पेक्षा मोठा आवाज.

असं मोजायचं कारण साधं आहे. तुमची खोली केवढी, स्पीकर कुठले, तुम्ही किती लांब बसलात, यातलं रिसीव्हरला काहीच ठाऊक नसतं. आलेला सिग्नल आपण किती दाबून धरलाय एवढंच त्याला माहीत असतं, आणि तेच तो दाखवतो. बऱ्याच रिसीव्हरांवर आकडा ० ओलांडून अधिक १६ किंवा अधिक १८ पर्यंतही जातो. ती सोय फार हळू रेकॉर्ड झालेल्या गोष्टींसाठी ठेवलेली असते. घरात त्या टोकाला जायची वेळ सहसा येत नाही.

२. माझ्या भावाच्या डेननवर ० ते ९८ असे आकडे येतात, माझ्या यामाहावर उणे. कुणाचा बरोबर?

दोघांचा. गोष्ट एकच, दाखवायची तऱ्हा वेगळी. डेनन आणि मरँट्झवर ८० म्हणजे ० डेसिबल, त्यामुळे भावाचा ५० म्हणजे तुमचा उणे ३०. यामाहावर आकड्यांची पट्टी निवडली तर काठ ८० च्याच आसपास येतो. अनेक ओंकियोंवर तो ८२ ला असतो. मेनूत व्हॉल्यूम डिस्प्ले किंवा स्केल नावाचा पर्याय शोधा, तिथे हवी ती पद्धत निवडता येते. आवाजात काडीचाही फरक पडत नाही.

मी स्वतः उणे आकडे ठेवायला सांगतो. ० ते ९८ दिसलं की माणसाला वाटतं ५० म्हणजे अर्धा आवाज, आणि तिथून पुढचे सगळे गैरसमज सुरू होतात (प्रश्न ५).

३. हा ० म्हणजे नक्की किती आवाज? कुणी ठरवला?

सिनेमाच्या धंद्याने. चित्रपटाचं ध्वनिमिश्रण होतं त्या थिएटरात एक ठरावीक चाचणी-आवाज वाजवतात. तो डिजिटल कमाल पातळीच्या २० डेसिबल खाली असतो आणि बसायच्या जागेवर एका स्पीकरमधून ८५ डेसिबल भरेल अशी यंत्रणा लावतात. म्हणजे त्या स्पीकरमधून मोठ्यात मोठा धमाका १०५ डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. खर्जाच्या खास चॅनलला आणखी १० ची मुभा असते, म्हणजे ११५.

घरच्या रिसीव्हरला माइक लावून कॅलिब्रेशन केलंत (म्हणजे स्पीकरांची पातळी मोजून जुळवलीत, प्रश्न १२), की त्याचा ० साधारण या पातळीशी जुळतो. कॅलिब्रेशन केलंच नसेल तर तुमचा ० हा नुसता आकडा. शेजारच्या घरातल्या ० शी त्याची तुलना होत नाही.

४. मग मी कितीवर ऐकायचं? एक आकडा सांगा.

एकच आकडा सांगता येत नाही, पण कॅलिब्रेशन झालेल्या घरांत लोक कुठे थांबतात ते सांगतो. चित्रपटाला उणे २५ ते उणे १५, बातम्या-मालिकांना उणे ४० ते उणे ३०. दहा बाय बाराच्या खोलीत ० वर चित्रपट बघणारा माणूस मला भेटायचाय, आणि त्याच्या बायकोलाही.

कानाचा विचार वेगळा करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतो, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. मोबाइलवरचं आवाज मोजायचं अ‍ॅप अंदाजापुरतं ठीक आहे. नेहमीच्या जागेवर बसून एकदा मोजा, कुठल्या आकड्याला किती भरतं ते कागदावर लिहा आणि तो कागद रिसीव्हरखाली सरकवून ठेवा.

५. आकडा अर्ध्यावर असेल तर अर्धे वॉट वापरले जातात ना?

अजिबात नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. डेसिबलचा जिना असा: ३ डेसिबल वाढवले की स्पीकरला जाणारी पॉवर दुप्पट, १० वाढवले की दहापट. कानाला मात्र १० डेसिबल वाढल्यावर कुठे आवाज ‘दुप्पट’ झाल्यासारखा वाटतो.

एक उदाहरण घेऊ. स्पीकरच्या कागदावर ८७ डेसिबल लिहिलेलं असतं, म्हणजे १ वॉट दिला की १ मीटरवर ८७. तुम्ही बसता तीन मीटरवर. अंतराने थोडा आवाज जातो, दोन स्पीकर आणि भिंती मिळून थोडा परत येतो, हातात साधारण ८० डेसिबल राहतात. हा आवाज चांगला मोठा आहे, आणि तो स्पीकरमागे १ वॉटवर मिळाला! ९० हवा असेल तर १० वॉट. १०० हवा असेल तर १००. उणे ३० वर रिसीव्हर दमत नाही आणि उणे १० वर एकाएकी धापा टाकतो, त्यामागे हाच हिशोब आहे.

म्हणूनच ८० वॉटचा रिसीव्हर काढून १०० वॉटचा घेतला तर फरक एका डेसिबलचा पडतो. त्या पैशात चांगले स्पीकर येतील.

६. रिसीव्हर १०० वॉटचा, स्पीकर ६० वॉटचे. कितीपर्यंत फिरवला तर स्पीकर उडतील?

कळीच्या आकड्यावरून हे सांगता येत नाही. किती पॉवर बाहेर पडते ते आत येणाऱ्या सिग्नलवरही ठरतं. हळू रेकॉर्ड झालेलं जुनं भजन उणे ५ वर सुखाने वाजेल, आणि आजकालचं ठासून भरलेलं गाणं उणे १५ लाच अँप्लिफायरची दमछाक करेल.

स्पीकर उडतात ते बहुतेकदा ताण सहन न होऊन आवाज फाटायला लागल्यावर. फाटलेल्या आवाजात वरच्या पट्टीची ऊर्जा खूप असते आणि ती नाजूक ट्विटरला, म्हणजे वरच्या पट्टीच्या छोट्या स्पीकरला, जाळते. त्यामुळे लहान अँप्लिफायर पिळून वाजवणं हे मोठा अँप्लिफायर बेताने वाजवण्यापेक्षा धोक्याचं. खूण कानाला कळते: झांजा आणि ‘स’ खरखरीत होतात, गाणं मोठं होण्याऐवजी कर्कश होतं. तिथून ५ डेसिबल खाली या आणि तीच कमाल मर्यादा लावून टाका (प्रश्न १३).

७. बाबांचा जुना स्टिरिओ अँप्लिफायर आहे. नॉब फिरवला की खरखर येते आणि मध्येच एक बाजू बंद पडते. पावसाळ्यात जास्त.

आपल्याकडचा हा हमखास आजार. जुन्या नॉबखाली पोटेन्शिओमीटर असतो: कार्बनचा एक वाकडा पट्टा आणि त्यावर घासत जाणारी धातूची जीभ. खारा वारा आणि चार महिन्यांची ओल त्या जिभेवर थर चढवते. उघडलं की मागच्या पायांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसते, तो गंज. जीभ त्या थरावरून गेली की खरखर, टेकलीच नाही की एक बाजू मुकी.

आधी फुकटचा उपाय करा. प्लग काढा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. बरेचदा एवढ्यावर महिनाभर निभावतं. नाहीच जमलं तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मिळतो. झाकण उघडून पोटेन्शिओमीटरच्या फटीत अगदी थोडा मारा, पुन्हा फिरवा, पूर्ण वाळल्यावरच प्लग लावा. आतल्या मोठ्या कपॅसिटरांत प्लग काढल्यावरही वीज राहते, तेव्हा सवय नसेल तर हे काम जाणकाराकडून करून घ्या. खोबरेल तेल किंवा शिलाई मशीनचं तेल घालू नका. आठवडाभर छान वाटतं, मग त्यावर धूळ बसून चिखल होतो, आणि तो पोटेन्शिओमीटर बदलण्याशिवाय गत्यंतर राहत नाही.

आणि अँप्लिफायर वापरात ठेवा. रोज तासभर चालला तर आतली ऊब ओल धरू देत नाही. जूनमध्ये प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकलेला सप्टेंबरात हटकून माझ्याकडे येतो.

८. नव्या रिसीव्हरचा नॉब गोल गोल फिरतच राहतो, टोकच येत नाही. आणि कधी वाढवताना आकडा उलटा कमी होतो!

तो पोटेन्शिओमीटर नव्हे, एन्कोडर आहे. त्यातून आवाज जातच नाही. ‘एक पायरी वर, एक पायरी खाली’ एवढंच तो आतल्या चिपला कळवतो, म्हणून त्याला टोक नाही आणि खरखरही नाही. ओलीने त्याचे संपर्क खराब झाले की तो चुकीचं कळवायला लागतो: आकडा उड्या मारतो किंवा मागे जातो. रिमोटने आवाज नीट वाढतोय का बघा. वाढत असेल तर दोष नॉबचाच. सफाई प्रश्न ७ प्रमाणे होते, पण पुरली नाही तर एन्कोडर बदलावा. भाग स्वस्त असतो, हमालीच जास्त. तोवर रिमोट वापरा.

९. चित्रपटात बोलणं ऐकू येत नाही म्हणून वाढवावं, तर मारामारीत घर हादरतं. सारखा रिमोट हातात.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

पहिलं, संवाद मधल्या म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतात. मेनूत चॅनल लेव्हलमध्ये जाऊन एकटा सेंटर २ ते ३ डेसिबलने वाढवा. मुख्य आवाजाला हात लावू नका. तुमच्याकडे सेंटर स्पीकरच नसेल तर स्पीकर सेटअपमध्ये सेंटर ‘नाही’ असं निवडलंय ना, ते पाहा. तिथे ‘आहे’ असेल तर रिसीव्हर संवाद नसलेल्या स्पीकरला पाठवतोय! पाच स्पीकरांचा संच घेऊन दोनच लावलेल्या घरांत हे हटकून सापडतं.

दुसरं, सेंटर स्पीकर टीव्हीखालच्या कपाटात आत ढकललेला असतो आणि त्याच्यापुढे गणपतीचा फोटो. स्पीकर फळीच्या कडेपर्यंत पुढे ओढा आणि पुढून किंचित वर उचला, म्हणजे त्याचं तोंड कानाकडे होईल.

तिसरं, खोली. चिऱ्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा, खाली टाइल्स, खिडक्यांना पडदे नाहीत, अशा खोलीत शब्दावर शब्द आपटतो. मग आवाज वाढवून शब्द स्पष्ट होत नाहीत, गोंगाट तेवढा वाढतो. स्पीकर आणि सोफा यांच्यामध्ये जाडशी सतरंजी टाका, मागच्या भिंतीवर जुनी गोधडी टांगून बघा. मेनूतल्या कुठल्याही पर्यायापेक्षा याचा फरक मोठा पडलेला मी पाहिला आहे.

एवढं करूनही उरलं तर प्रश्न १०.

१०. रात्री घरातले झोपल्यावर बघायचं असतं. हळू ठेवलं की बोलणं बुडतं. नाइट मोड म्हणजे तेच का?

हो. मोठे आवाज खाली दाबायचे आणि बारीक आवाज वर उचलायचे, हे काम नाइट मोड, डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन किंवा डीआरसी अशा नावांनी असतं. ऑडिसी (कॅलिब्रेशनची एक पद्धत) असलेल्या रिसीव्हरांवर ते ‘डायनॅमिक व्हॉल्यूम’ असतं, लाइट, मीडियम, हेवी अशा तीन पायऱ्यांत. रात्री मीडियम लावा. दिवसा बंद करायला विसरू नका, नाहीतर चित्रपट सपाट वाटतो आणि ‘नवा रिसीव्हर बेचव आहे’ म्हणून मला फोन येतो.

११. डायनॅमिक ईक्यू आणि डायनॅमिक व्हॉल्यूम एकच ना? आणि जुन्या अँप्लिफायरवरचं लाउडनेस बटण?

नावं सारखी, कामं वेगळी. डायनॅमिक व्हॉल्यूम मोठ्या-लहान आवाजातली दरी बुजवतं (प्रश्न १०). डायनॅमिक ईक्यू आणि लाउडनेस बटण कानाच्या एका खोडीवर इलाज करतात: आवाज कमी केला की कान खर्ज आधी हरवतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून मांडलं होतं. हळू लावलेल्या गाण्यात तबल्याचा डग्गा नाहीसा होतो, तो यामुळेच.

जुनं लाउडनेस बटण आंधळं होतं. नॉब वर गेला तरी खर्ज फुगवत राहायचं, म्हणून मोठ्या आवाजात ते बंद करावं लागे. डायनॅमिक ईक्यू मुख्य आवाजाचा आकडा बघून तेवढीच भर घालतं. मात्र ते चित्रपटाची पातळी धरून चालतं, त्यामुळे गाण्यांना खर्ज फार वाटतो. त्यासाठी रेफरन्स लेव्हल ऑफसेट नावाचा पर्याय आहे: चित्रपटाला ०, टीव्हीला १०, ठासून रेकॉर्ड केलेल्या गाण्यांना १५. हा पर्याय कुणी उघडतच नाही.

१२. कॅलिब्रेशन करायला बसलो आणि पाऊस कोसळायला लागला. पत्र्याचं छप्पर आहे. चालेल का?

थांबा. रिसीव्हर स्पीकरमधून सूर सोडतो आणि माइकने ऐकून प्रत्येक स्पीकरचं अंतर नि पातळी ठरवतो. पत्र्यावर पाऊस वाजत असेल तर तोच त्याच्या कानात भरतो. काही रिसीव्हर ‘आजूबाजूला गोंगाट आहे’ म्हणून अडतात. न अडणारे चुकीचं मोजून मोकळे होतात, आणि मग एका बाजूचा स्पीकर वर्षभर उगाच जोरात वाजतो. पहाटे करा. पंखा, फ्रिज, पाण्याचा पंप बंद. किनाऱ्याला घर असेल तर समुद्राकडच्या खिडक्या लावून घ्या. भरतीची गाज खर्जाची असते आणि सबवूफरची (खर्जाच्या मोठ्या स्पीकरची) पातळी चुकवते.

माइक सोफ्यावर टाकू नका, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला स्टँडवर किंवा डब्यांच्या उतरंडीवर ठेवा.

पावसात बघताना आवाज वाढवावा लागतो तो मुख्य कळीनेच वाढवा, चॅनल लेव्हलला हात नको. मुसळधार पावसात पत्र्याखाली संवाद ऐकायचा हट्ट धरण्यापेक्षा सबटायटल लावलेले बरे.

१३. चालू केला की कालच्या पार्टीच्या आवाजात एकदम सुरू होतो. आजी दचकते.

पॉवर ऑन लेव्हल किंवा इनिशियल व्हॉल्यूम असा पर्याय असतो. तो ‘शेवटचा’ यावरून काढून उणे ४० वर ठेवा. त्याच्याच शेजारी व्हॉल्यूम लिमिट असते. घरात लहान मूल असेल तर उणे १० च्या पुढे जाणारच नाही असं करा. दोन मिनिटांचं काम, स्पीकरचा विमा.

१४. म्यूट केलं तरी बारीक आवाज येत राहतो.

म्यूट लेव्हल पूर्ण, ४० डेसिबल खाली किंवा २० डेसिबल खाली अशी निवडता येते. तुमची २० वर असणार. ‘पूर्ण’ करा.

१५. टीव्हीच्या रिमोटने रिसीव्हरचा आवाज वाढतो असं ऐकलं. आमच्याकडे वाढत नाही. वाढतो तर टीव्हीचे स्पीकरही वाजतात.

टीव्हीच्या मागे ज्या एचडीएमआयवर एआरसी किंवा ईएआरसी लिहिलंय तिथूनच तार रिसीव्हरच्या एचडीएमआय आउटला जायला हवी. मग दोन्हीकडे सीईसी (एका रिमोटने दुसरं यंत्र हलवायची सोय) चालू करा. सॅमसंगवर त्याचं नाव अ‍ॅनीनेट प्लस, एलजीवर सिंपलिंक, सोनीवर ब्राव्हिया सिंक. शेवटी टीव्हीच्या साउंड मेनूत स्पीकर ‘बाहेरचा’ निवडा. ऑप्टिकल तारेतून नुसता आवाज जातो, रिमोटचा हुकूम जात नाही. ऑप्टिकलवाल्यांना या मार्गाने तरी रिसीव्हरचा रिमोट सुटत नाही.

टीव्हीच्या पडद्यावर ३५ आणि रिसीव्हरवर उणे ४५ असं दिसलं तर गोंधळू नका, प्रश्न २ बघा.

१६. सेट-टॉप बॉक्सवर हळू, स्टिकवर ठीक, ब्लूटूथवर अगदीच हळू. प्रत्येक वेळी वेगळा आकडा का?

कारण साखळीत दोन-दोन आवाजाच्या कळी आहेत. नियम एकच ठेवा: मागची कळ पूर्ण, पुढची एकटी हलवायची. सेट-टॉप बॉक्सचा स्वतःचा आवाज पूर्ण करून ठेवा. मोबाइलचाही ब्लूटूथला पूर्ण किंवा एखादी पायरी कमी. मोबाइल अर्ध्यावर आणि रिसीव्हर उणे ५ वर असं ठेवलं की आवाज तेवढाच येतो, पण नंतर इनपुट बदलल्याबरोबर स्फोट होतो. काही जोड्यांत मोबाइलची कळ थेट रिसीव्हरचाच आकडा हलवते. एअरप्लेवर डेनन-मरँट्झमध्ये तसंच होतं. तिथे हा नियम लावू नका.

तरी फरक उरला तर इनपुट किंवा सोर्स लेव्हलमध्ये त्या-त्या इनपुटला काही डेसिबल द्या किंवा काढा. मोठ्याला कमी करा, लहानाला फुगवू नका.

एकाच बॉक्सवर चॅनल बदलला की आवाज बदलत असेल तर दोष तुमचा नाही. डॉल्बी डिजिटलमध्ये संवादाच्या पातळीची एक खूण सोबत येते आणि रिसीव्हर तेवढा आवाज खाली ओढतो. साध्या पीसीएममध्ये, म्हणजे न दाबलेल्या डिजिटल आवाजात, ही खूण नसते. कधी पडद्यावर ‘डायलॉग नॉर्म’ आणि ४ डेसिबल असं काही झळकतं, ते त्याचंच. घाबरू नका.

१७. सबवूफरवर वेगळा नॉब आहे. तो किती ठेवायचा?

कॅलिब्रेशनच्या वेळी मध्यावर, आणि रिसीव्हरने सबवूफरची पातळी ० च्या आसपास ठरवेपर्यंत तो हलवा. रिसीव्हरने उणे १२ ठरवली असेल तर नॉब फार वर आहे, खाली करून पुन्हा मोजा. त्यानंतर नॉबला टेपचा तुकडा चिकटवा, कारण भाचे येतात. पुढे खर्ज वाढवायचाच असेल तर रिसीव्हरच्या मेनूतून.

लाकडी पाटण असलेल्या जुन्या घरात सबवूफर भिंतीच्या कोपऱ्यात ठेवू नका. माळ्यावरची भांडी साथ द्यायला लागतात.

१८. आतल्या खोलीत टीव्ही चालू असताना पडवीत भजनं हवीत, वेगळ्या आवाजात. जमेल?

रिसीव्हरवर झोन २ (दुसऱ्या खोलीला वेगळा आवाज द्यायची सोय) असेल तर जमेल. त्याचा आवाज आणि त्याची कमाल मर्यादा, दोन्ही वेगळ्या लावता येतात. पडवीसाठी स्वतंत्र अँप्लिफायर लावलात तर झोन २ ‘फिक्स्ड’ करून आवाज त्या अँप्लिफायरवरून हलवा. काही रिसीव्हर झोन २ ला एचडीएमआयचा आवाज देत नाहीत. घेण्याआधी पुस्तिका बघा.

नुसतं स्पीकर बी (स्पीकरांची दुसरी जोडी लावायची जागा) असेल तर दोन्हीकडे तेच आणि एकाच कळीने वाजणार. शिवाय बहुतेक ठिकाणी दोन ८ ओहमचे स्पीकर समांतर जोडले की रिसीव्हरला ते ४ ओहम दिसतात. मागच्या पट्टीवर एवढं चालेल असं लिहिलेलं नसेल तर करू नका.

१९. आवाज वाढयलो काय रिसीव्हर बंद पडता आणि लाल लाइट लुकलुकता. काय करूचा?

तो स्वतःला वाचवतोय. प्लग काढा, मागच्या तारा तपासा. पिळलेल्या तारेची एखादी काडी शेजारच्या खुंटीला टेकली असेल, तर हळू आवाजात चालतो आणि वाढवला की बंद पडतो. आपल्याकडे तार हिरवी पडते. हिरवं टोक कापून ताजं तांबं काढा.

तारा ठीक असतील तर ऊब बघा. रिसीव्हर बंद कपाटात असेल किंवा त्याच्यावर सेट-टॉप बॉक्स ठेवला असेल तर वर निदान वीतभर जागा मोकळी करा. तिसरं कारण विजेचा दाब. संध्याकाळी सगळ्यांचे पंप सुरू झाले की २३० चा दाब बराच खाली येतो, आणि नेमका मोठ्या आवाजाच्या क्षणी अँप्लिफायरला तो कमी पडतो. रात्री अकरानंतर तोच आकडा व्यवस्थित चालला तर हेच कारण समजा. आणि एक, उन्हाळ्यात जाळीतून आत शिरलेली पाल. हसू नका, निघते.

२०. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर चालवला तर घुं घुं आवाज येतो.

इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा आहे. रिसीव्हरचा ट्रान्सफॉर्मर त्यावर गुणगुणतो आणि जास्त तापतो. शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर हवा. ‘आवाज कमी ठेवला तर बॅटरी जास्त टिकेल ना?’ हाही प्रश्न येतो. फारसा फरक पडत नाही, कारण रिसीव्हर नुसता चालू असला तरी बऱ्यापैकी वीज खातो आणि घरगुती आवाजाला लागणारे वॉट थोडेच असतात (प्रश्न ५).

२१. गणपतीत स्पीकर खळ्यात काढून वाजवले तर चालतात का? घरचेच तर आहेत.

घरचे असले तरी नियम लागू होतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, आणि खासगी साउंड सिस्टिमचा आवाज तुमच्या हद्दीवर त्याच्यापेक्षा ५ हून जास्त वर जाता कामा नये. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सणासाठी राज्य सरकार वर्षातले काही ठरावीक दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देतं, ते दिवस जिल्हा प्रशासनाच्या आदेशात पाहा.

दुसरी अडचण तांत्रिक. खोलीत भिंती मदत करतात, खळ्यात त्या नसतात, आणि अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात. मग लोक कळ वाढवत नेतात आणि प्रश्न ६ मधलं घडतं. आरतीपुरतं हवं असेल तर स्पीकर पडवीत, भिंतीला लागून ठेवा.

२२. मर्यादा लावलेली नाही, तरी माझा रिसीव्हर अधिक ६ च्या पुढे जातच नाही. कागदावर तर अधिक १८ लिहिलंय.

चॅनल लेव्हल बघा. कुठला तरी स्पीकर अधिक १२ वर चढवलेला असेल. एका चॅनलला आधीच जेवढं वर दिलंय तेवढी मुख्य आवाजाची वरची जागा कमी होते, हा अनेक रिसीव्हरांचा स्वभाव आहे. तो स्पीकर एवढा वर का लागला, ते आधी शोधा: तार सैल, जाळीपुढे काही ठेवलेलं, की कॅलिब्रेशन पावसात झालेलं (प्रश्न १२).

२३. पाहुणे येऊन गेले आणि कुणी काय दाबलं कोण जाणे. सगळा आवाजच बदललाय. फॅक्टरी रीसेट करू?

लगेच नको, कॅलिब्रेशन पुसलं जाईल. आधी पुढच्या पट्टीवर ध्वनीचा प्रकार काय आहे ते वाचा. डायरेक्ट किंवा प्युअर डायरेक्ट दाबलं गेलं असेल तर डायनॅमिक ईक्यू आणि टोन बाजूला पडतात, काही रिसीव्हरांवर स्टिरिओ गाण्यांना सबवूफरही गप्प बसतो, आणि आकडा तोच असून आवाज पातळ वाटतो. ऑल चॅनल स्टिरिओ दाबलं असेल तर उलट सगळीकडून गाणं येतं. रिमोटवरचं मूव्ही किंवा म्युझिक बटण दाबून परत या. मग डायनॅमिक व्हॉल्यूम, मग सेंटरची पातळी, मग सबवूफरचा नॉब, या क्रमाने तपासा. रीसेट करायचंच ठरलं तर आधी सगळ्या पातळ्यांच्या पडद्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि तो माइक कुठल्या खणात आहे तेही बघून घ्या.